दार लावून घेता येईल का?

मुलासाठी समुपदेशकाची वेळ घ्यायला फोन करणाऱ्या आईबाबांचा पहिला प्रश्न हल्ली बहुतेक वेळा हाच असतो: "ऑनलाइन चालेल ना, की प्रत्यक्षच आणायला हवं?" विचारण्याच्या तऱ्हा मात्र दोन. काहींना ऑनलाइन म्हणजे तडजोड वाटते. पैसे पूर्ण आणि उपचार अर्धे. काहींना सुटल्यासारखं वाटतं. रजा टाकायला नको, ट्रॅफिक नको, शिवाय क्लिनिकच्या जिन्यात कोणी ओळखीचं भेटायला नको. दोघांनाही उत्तर एकच. मुलाला नेमकं काय होतंय, त्याचं वय काय आणि तुमच्या घरात त्याला पाऊण तास दार लावून मोकळेपणी बोलता येईल का, यावर ते अवलंबून आहे. पहिल्या दोन गोष्टी थेरपिस्ट पाहील. तिसरी तुमच्या हातात आहे, आणि आज मला तुमच्याशी मुख्यतः तिच्याबद्दल बोलायचं आहे.

आधी ती 'अर्ध्या उपचारा'ची शंका. शिकागो परिसरातल्या ३२५ नैराश्यग्रस्त प्रौढांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. उपचार सगळ्यांना एकच, विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी सीबीटी. फरक एवढाच की एका गटाला ती फोनवरून मिळाली, दुसऱ्याला समोर बसून. समोर येणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के लोकांनी उपचार मध्येच सोडले. फोनवाल्यांत हेच प्रमाण २१ टक्के होतं. उपचार संपले तेव्हा दोन्ही गट सारखेच सुधारले होते. सहा महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा प्रत्यक्ष भेटलेले लोक थोडे पुढे होते. थोडक्यात, दुरून घेतलेले उपचार लोक कमी सोडतात, ही त्यांची जमेची बाजू. आणि समोरासमोरच्या भेटीतून टिकणारं असं काहीतरी जास्तीचं मिळत असावं, हेही नाकारता येत नाही.

मुलांचं काय? ऑस्ट्रेलियात १२ ते १८ वयोगटातल्या, चिंतेच्या आजाराने त्रस्त असलेल्या ११५ मुलामुलींवर असाच अभ्यास झाला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलं क्लिनिकमध्ये गेली, काहींनी घरी संगणकावर धडे घेतले, जोडीला थेरपिस्टची ईमेल आणि फोन. पालकांसाठीही दोन्हीकडे वेगळे तास होते. दोन्ही गटांतल्या मुलांच्या सुधारणेत फारसं अंतर दिसलं नाही. अर्थात हे नीट आखलेले, पायरीपायरीने जाणारे उपचार होते आणि आजारही त्या पद्धतीला साजेसा होता. म्हणून 'ऑनलाइन सगळ्याला चालतं' असा सरसकट अर्थ काढू नका. पण ऑनलाइन म्हणजे नुसती गप्पांची सोय, हा समजही सोडून द्या.

आता तिसऱ्या गोष्टीकडे येते. क्लिनिकमध्ये थेरपिस्ट बोलण्याखेरीज आणखी एक गोष्ट देते, जिचं बिल ती वेगळं लावत नाही. ती म्हणजे बंद खोली. दाराबाहेर बसलेल्या आईला आतलं काही ऐकू येत नाही, हे मुलाला ठाऊक असतं. ऑनलाइन सेशनमध्ये ही खोली क्लिनिकने द्यायची नसते. ती तुम्ही द्यायची असते, आणि ही अट कोणी पावतीवर लिहून देत नाही.

असं एक घर डोळ्यांसमोर आणा. डोंबिवलीतला वन बीएचके, दहावीतली मुलगी, संध्याकाळी साडेसहाचं सेशन. आजी हॉलमध्ये मालिका बघतेय. आई कणीक मळतेय. बेडरूमचं दार 'हवा येऊ दे' म्हणून अर्धं उघडं. फोन आईचा, म्हणून मध्येच सोसायटीच्या ग्रुपवरचे मेसेज पडद्यावर उतरतात. मुलीच्या कानात इअरफोन आहेत, त्यामुळे थेरपिस्टचं बोलणं घरात कोणाला ऐकू येत नाही. पण मुलीचं येतं. "घरी कसं चाललंय?" असं थेरपिस्ट विचारते. "ठीक." "बाबांशी बोलणं झालं का त्या विषयावर?" कुकरची शिट्टी होते. मुलगी दाराकडे बघते, मान हलवते आणि चॅटमध्ये टाइप करते, 'आई बाहेरच आहे.' उरलेली पंचवीस मिनिटं अभ्यासाच्या वेळापत्रकावर जातात. रात्री आईचं मत तयार असतं, "ऑनलाइनचा काही उपयोग नाही हो. नुसतं टाइमटेबल करतात."

यात ना थेरपिस्टचं चुकलं, ना तंत्रज्ञानाचं. खोलीच नव्हती.

आपल्याकडे प्रत्येक मुलाला स्वतःची खोली मिळणं अवघड, हे मान्य. पण पाऊण तासाची खोली उभी करता येते. आजीला त्या वेळेत भाजी आणायला पाठवा. बाहेर टीव्ही चालू राहू दे आणि त्याचा आवाज नेहमीपेक्षा थोडा जास्तच ठेवा. त्या आवाजामागे आपलं बोलणं दडतं, हे मुलाला कळतं. दाराशी पंखा लावला तरी तेच काम होतं. घरी जमतच नसेल तर खाली पार्क केलेली गाडी, मावशीचं घर, शाळेतल्या समुपदेशकांची खोली. एक जागा मात्र नको, ती म्हणजे गच्ची. मन खचलेल्या मुलाला एकटं गच्चीवर पाठवायचं नसतं. फोन हातात धरायला देऊ नका, डब्याला टेकवून ठेवा. नाहीतर थेरपिस्टला अर्धा वेळ छतच दिसतं. स्वतःचाच चेहरा पडद्यावर सतत दिसल्याने पुष्कळ मुलं अवघडतात, केस सारखे करत बसतात. ती चौकट लपवायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, ती वापरा. आणि फोन तुमचा असेल तर तेवढ्या वेळेपुरते मेसेज बंद करा.

आणखी एक गोष्ट क्लिनिक नकळत देत असतं, ती म्हणजे जाण्यायेण्याचा वेळ. परतीच्या रिक्षात मूल गप्प बसतं, बाहेर बघतं, कधी वडापाव मागतं. आत जे बोललं गेलं ते तेवढ्या वेळात थोडं निवतं. ऑनलाइनमध्ये लाल बटण दाबलं की दुसऱ्या क्षणी मूल गणिताच्या वहीसमोर असतं आणि आपण दारात. "काय म्हणाल्या मॅडम?" हा प्रश्न त्या क्षणी गिळायला शिका. सेशननंतर अर्धा तास रिकामा ठेवा. लगेच क्लास नको, पाहुणे नकोत. मुलाला खाली एक चक्कर मारून यावंसं वाटलं तर येऊ द्या. सांगायचं असेल ते ते स्वतःच सांगेल, बहुधा झोपायच्या वेळी, आपण अजिबात तयारीत नसताना.

दुरून उपचार ही काही लॉकडाऊनने आणलेली कल्पना नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्कात १९५० च्या दशकाअखेर मनोविकारतज्ज्ञ दुतर्फा टीव्ही जोडणीवरून रुग्णांशी बोलत होते. लंडनमध्ये १९५३ मध्ये चाड वाराह या धर्मगुरूंनी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोनसेवा सुरू केली, तीच पुढे 'समॅरिटन्स' झाली. आणि त्याच्याही आधीचं एक उदाहरण आपण पालकांनी जरूर लक्षात ठेवावं. फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये व्हिएन्नातल्या पाच वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. 'लिटल हान्स' या टोपणनावाने ती मानसशास्त्राच्या अभ्यासात अजून शिकवली जाते. घोडा चावेल या भीतीने हा मुलगा रस्त्यावर जाईना. उपचार केले त्याच्या वडिलांनीच. मुलाचं बोलणं लिहून काढायचं, फ्रॉइडना कळवायचं, त्यांच्या सल्ल्याने मुलाशी पुढचं बोलायचं. त्या सगळ्या काळात उपचारासाठी फ्रॉइड मुलाला भेटले ते फक्त एकदा. भीती गेली, मुलगा मोठा होऊन ऑपेराचा नामवंत दिग्दर्शक झाला. पण ती हकीकत आज वाचताना एक प्रश्न राहून राहून पडतो. मुलाचा प्रत्येक शब्द वडिलांच्या कानावाटे, वडिलांच्या हातून कागदावर गेला होता. वडिलांबद्दलच काही बोलायचं असतं, तर त्याने ते कोणाला सांगितलं असतं? अर्ध्या उघड्या दारामागची दहावीतली मुलगी नेमकी याच पेचात असते.

हे झालं वयात आलेल्या मुलांचं. लहानग्यांचा हिशेब वेगळा. पाचसहा वर्षांचं मूल शब्दांनी कमी आणि खेळातून जास्त बोलतं. बाहुलीला कोपऱ्यात उभं करणं, वाळूत काहीतरी पुरणं, एकच चित्र पुन्हा पुन्हा काढून काळं करणं, हे सगळं थेरपिस्टला शेजारी जमिनीवर बसून पाहावं लागतं. पडद्यासमोर ते मूल पाच मिनिटांत उठून जातं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मात्र या वयात एक ऑनलाइन पद्धत छान चालते, कारण तिच्यात विद्यार्थी मूल नसतंच, आई किंवा बाबा असतात. तीन ते पाच वर्षांच्या अतिहट्टी, मारकुट्या मुलांच्या पालकांसाठी अमेरिकेत अशी पद्धत तपासून पाहिली गेली. आई घरात मुलाशी खेळते, थेरपिस्ट कॅमेऱ्यातून बघते आणि आईच्या कानातल्या इअरफोनवर हळूच सांगत राहते: 'आत्ता त्याने ठोकळा परत दिला, लगेच कौतुक करा', 'हे ओरडणं दुर्लक्षित करा'. क्लिनिकमध्ये हेच काचेपलीकडून करतात. घरी झालेला सराव घरातच मुरतो, एवढा त्याचा फायदा.

घर कामी येतं अशी आणखीही ठिकाणं आहेत. वारंवार हात धुण्याच्या मंत्रचळाने मूल हैराण असेल, तर त्याचा खरा झगडा क्लिनिकच्या खुर्चीत होत नाही, घरच्या बेसिनपाशी होतो. थेरपिस्ट तिथे फोनवर सोबत असेल, तर नळ बंद करून थांबण्याचा सराव जागच्या जागी होतो. सिरोंच्यातल्या मुलाला तज्ज्ञाकडे नागपूरला नेऊन आणायचं तर दोन दिवस मोडतात. दर आठवड्याला ते कोणाला परवडणार? राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. मधल्या एवढ्या मोठ्या मुलखाने काय करायचं? बाबा आखातात आणि आई साताऱ्यात असेल, तर दोघांना एका सेशनला एकत्र आणायला व्हिडिओ कॉलशिवाय मार्ग नाही. बंगळूरला शिकणाऱ्या मुलीला मनातलं मराठीतच बोलावंसं वाटत असेल, तर पुण्यातली थेरपिस्ट तिला मिळू शकते. परदेशी राहणाऱ्यांनी मात्र तिथला कायदा आधी पाहावा. अमेरिकेत, उदाहरणार्थ, रुग्ण ज्या राज्यात बसलेला असतो तिथला परवाना थेरपिस्टकडे सहसा असावा लागतो.

शाळेत जायलाच नकार देणाऱ्या किंवा माणसांत मिसळायला घाबरणाऱ्या मुलाबाबत थोडं सावध राहा. असं मूल सुरुवातीला फक्त पडद्यावरच भेटायला तयार होतं. मग तिथूनच सुरुवात करावी. पण ज्याची भीतीच बाहेर पडण्याची आहे, त्याला घरबसल्या उपचार फार सोयीचे होऊन बसतात. म्हणून थेरपिस्टला पहिल्याच महिन्यात विचारा, "प्रत्यक्ष यायचा टप्पा कधी?" चांगली थेरपिस्ट या प्रश्नाने नाराज होत नाही, तिच्या मनात तो आधीच असतो.

काही बाबतींत मात्र घासाघीस नको, प्रत्यक्षच जा. मूल स्वतःला इजा करतंय, मरणाचं बोलतंय. त्याला नसलेले आवाज ऐकू येतायत. खाणं इतकं कमी केलंय की कपडे ढगळ होऊ लागलेत. कॅमेऱ्यात छातीच्या वरचंच दिसतं. मनगटावरच्या खुणा, घटलेलं वजन, टेबलाखाली सतत हलणारा पाय हे त्यात येत नाही, आणि वजन-नाडी तर पाहताच येत नाही. वाचन-लेखनातल्या अडचणींची किंवा बुद्ध्यांकाची चाचणीही समोर बसूनच व्हावी. ठोकळे जुळवताना मूल कुठे अडतं, पेन्सिल कशी धरतं, कधी कंटाळतं, हे पाहण्यालाही गुणांइतकंच महत्त्व असतं. आणि शेवटचं, थोडं कठीण. मुलाला ज्याची भीती वाटते ती व्यक्ती घरातलीच किंवा घरी येणारी-जाणारी असेल, तर त्या घरातून केलेला कॉल मुलाला सुरक्षित नसतो. थेरपिस्टने 'याला क्लिनिकमध्येच आणा' असा अचानक आग्रह धरला, तर तिच्याशी कारणावरून हुज्जत घालू नका. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं तिच्यावर बंधनकारक आहे; ती मोडता घालतेय असं समजू नका.

तातडीच्या वेळी पुढच्या सेशनची वाट बघायची नाही. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करा, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. लहान मुलांसाठी १०९८ आहेच. जीव धोक्यात असेल तर ११२ किंवा थेट जवळचं रुग्णालय. ऑनलाइन थेरपिस्टने पहिल्याच भेटीत मुलाचा पूर्ण पत्ता आणि जवळ राहणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसाचा नंबर मागितला, तर चौकशा करतेय असं वाटून घेऊ नका. दुरून काम करणाऱ्याला, गरज पडली तर मदत कुठे पाठवायची हे आधी माहीत असावंच लागतं. मूल हॉस्टेलवर असेल तर वॉर्डनचा नंबर द्या. ज्यांनी हे विचारलंच नाही, त्यांच्याबद्दल मात्र शंका घ्या.

पडद्यावर पदव्यांची पाटी दिसत नाही, म्हणून विचारायला लाजू नका. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात. त्यांची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते आणि क्रमांक मागितला तर ते देतात. समुपदेशकांचं शिक्षण आणि अनुभव विचारून घ्या, विशेषतः मुलांसोबत किती काम केलंय ते. आणि ॲपमधल्या चॅटबॉटला थेरपिस्ट समजू नका. मुलं रात्री दोन वाजता त्याच्याशी मन मोकळं करतात, हे खरं. पण मार्च २०२० च्या केंद्र सरकारच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की कृत्रिम बुद्धिमत्तेने रुग्णाला समुपदेशन करू नये आणि औषधही लिहून देऊ नये. मुलाच्या फोनमध्ये तसं काही सापडलं तर रागावण्याआधी एवढंच समजून घ्या की त्याला कोणाशी तरी बोलायचं आहे.

त्याच सूचनांनुसार अल्पवयीन मुलाशी डॉक्टर दुरून बोलतात तेव्हा सोबत मोठं माणूस असावं लागतं. मग दार लावायचं कसं? सुरुवातीची पाच-दहा मिनिटं तुम्ही पडद्यावर बसा, ओळख द्या, तुमच्या काळज्या सांगा, संमती द्या आणि थेरपिस्टने सांगितलं की उठा. घरातच असा, पण कानाच्या टप्प्याबाहेर. जाण्यापूर्वी तिघांमध्ये एक करार करून घ्या: जिवाला धोका असेल ते तुम्हाला कळवलं जाईल, बाकीचं मुलाच्या परवानगीनेच. कोणी मध्येच खोलीत आलं तर मुलाने म्हणायचा एखादा साधा शब्दही ठरवतात, 'चार्जर' वगैरे. तो ऐकला की थेरपिस्ट विषय बदलते. तुमच्या मुलानेही असा शब्द ठरवला असेल तर वाईट वाटून घेऊ नका. सेशन रेकॉर्ड करणं, दाराशी रेंगाळणं, नंतर चॅट उघडून पाहणं हे कधीच करू नका. मुलाला एकदा जरी कळलं, तर ते त्या थेरपिस्टशीच नव्हे, पुढच्या कोणाशीही मोकळं बोलणार नाही.

इतकं सगळं सांगून झाल्यावरही काही आईबाबा विचारतातच, "पण तुम्ही काय सुचवाल?" धोक्याचं काही नसेल आणि अंतर जमण्यासारखं असेल, तर पहिल्या एकदोन भेटी समोरासमोर घ्या. मुलाला थेरपिस्टची उंची, चाल, हसणं कळतं. तिलाही मूल पूर्ण दिसतं. नंतर पडद्यावर भेटले तरी ती ओळख पुरते. परीक्षा, पाऊस, आजारपण अशा वेळी ऑनलाइन, मधूनमधून प्रत्यक्ष, असा मिश्र मार्गही चालतो. पण हे ठरवण्याआधी मुलालाच विचारा, तुम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर ठरवून टाकू नका. बारा-तेरा वर्षांपुढच्या मुलाचं यावर ठाम मत असतं. चारसहा सेशननंतर पुन्हा विचारा, कारण मत बदलतं. ते "मला तिकडेच जायचंय" म्हणालं, तर सुट्टी टाका. "घरूनच बरं" म्हणालं, तर ती पाऊण तासाची खोली खरोखरच त्याची आहे ना, हे एकदा स्वतः त्या खोलीत बसून, दार लावून तपासा. बाहेरच्यांना नेहमीसारखं बोलायला सांगा. तुम्हाला आत त्यांचं बोलणं ऐकू आलं, तर त्यांनाही मुलाचं येणार, हे धरून चला आणि जागा बदला.